काकांचा गाल

काकांची दाढ दुखत होती, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

ते दुकानात आले ते डावा गाल तळहाताने धरूनच. दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत प्रयोगशाळेची बारा पाकिटं, सगळी नीट चिकटवलेली. मी काच कापत होते. काच कापताना मी मान वर करत नाही. केली की रेघ वाकडी जाते आणि आख्खी काच वाया. म्हणून खाली बघतच विचारलं, "सगळ्यांची मिळाली?"

"मिळाली," काका तोंड जेमतेम उघडून म्हणाले.

"बाराच्या बारा? वकीलकाकांनीसुद्धा दिली?"

"मिळाली म्हटलं ना. पाठवून दे."

"आणि गालाला काय झालं?"

"दाढ."

सख्खा पुतण्या दातांचा डॉक्टर असताना हा माणूस दाढ धरून हिंडतो, म्हणून मी त्यांनाच चार शब्द सुनावले. ते निमूटपणे ऐकून निघून गेले. काका निमूटपणे ऐकून घेतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मला फक्त बारा पाकिटं दिसत होती.

हा सगळा उपद्व्याप माझा. वडिलांच्या मागे फ्रेमचं दुकान मी चालवते. लोकांचे आजोबा-पणजोबा काचेखाली घालता घालता मला स्वतःच्या पणजोबांची उठाठेव सुचली. आमचं आडनाव असं की फोनवर तीनदा सांगावं लागतं. ते लावणारी शहरात अकरा घरं, आणि अकरा घरांच्या बारा भानगडी. अर्धे म्हणायचे, आपण सगळे एका मूळपुरुषाचे, एका नावेतून आलेल्या तीन भावांचे वंशज. उरलेले अर्धे म्हणायचे, छे, ते पलीकडच्या रस्त्यावरचे नुसते आडनावबंधू, आपला त्यांचा संबंध काय? लग्नाला बोलवायचं कोणाला आणि मयताला कोण आलं नाही, यावरून हे भांडण सतत ताजं राहायचं.

मग मी वाचलं की गालाच्या आतून एक काडी फिरवली की याचा निकाल लागतो. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे डीएनएचा एक तुकडा जवळजवळ जसाच्या तसा उतरतो, आडनाव उतरतं तसा. एका आडनावाच्या दोन पुरुषांचा तुकडा जुळला तर मूळ एक, नाहीतर नुसते आडनावबंधू. मुलींना तो तुकडा मिळतच नाही. म्हणजे धावपळ सगळी माझी आणि माझी थुंकी मात्र बिनकामाची. "ताई, तू आयोजक," माझा भाऊ म्हणाला आणि सोफ्यावर आडवा झाला.

नमुने गोळा करायचं काम काकांनी अंगावर घेतलं. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वजनमापं खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेला. ते रस्त्याने निघाले की दुकानदार वजनांवरची धूळ पुसायचे. कोणाच्या दुकानात फुकटचा चहा प्यायले नाहीत. अशा माणसाने दारात उभं राहून काडी पुढे केली तर नाही म्हणायची कोणाची छाती आहे, असं मला वाटलं.

बारावं पाकीट क्लचचं. हा क्लच ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकवताना "क्लच! अगं क्लच!" असा ओरडतो की फुटपाथवरून चालणाऱ्यांचाही डावा पाय दाबला जातो. अर्धं शहर त्याच्या शेजारी बसून गाडी शिकलंय. मीही शिकले. दोनदा नापास झाले, म्हणून तो अजून मला 'दोनदा-नापास' अशीच हाक मारतो. मी त्याला तोंडावर सर म्हणते. तो अनाथाश्रमात वाढला. त्याला तिथे सोडून जाणाऱ्या बाईने स्वतःचं नाव सांगितलं नाही, बापाचं सांगितलं नाही, फक्त एक आडनाव सांगितलं. आमचं.

एक दिवस तो दुकानात आला आणि उगाचच फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने चाळत म्हणाला, "दोनदा-नापास, ते तुमचं थुंकीचं काय चाललंय, त्यात मलाही घे."

मी हसले. तो हसला नाही.

"पन्नाशी उलटली माझी. आता कोणाकडे काही मागायचं नाहीये. फक्त कोणीतरी एकदा म्हणायला हवं, की हो, हा आमच्यातला. नाहीतर नाही म्हणा. पण म्हणा काहीतरी."

वकीलकाकांनी कुरकुर केली, उद्या वाटेवरचा कोणीही उठेल आणि गाल पुढे करेल म्हणाले. काकांनी त्यांना गप्प केलं. "आडनाव लावतो ना तो? मग झालं. घे गं त्याचंही."

निकाल आधी एकपानी आला, प्रत्येकाच्या नावाचा एक दाखला. बाराही नमुन्यांचा पितृवंश एक. नुसता एक नाही, हुबेहूब. पिढ्या उतरताना त्या तुकड्यात कुठे ना कुठे बारीकसा फरक पडतोच, हे मीच सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं होतं. इथे बारा घरांत कणभर फरक नव्हता. पण आनंदाच्या भरात कोण बघतंय!

मी बारा दाखल्यांना बारा फ्रेमा केल्या. अक्रोडी रंगाची पट्टी, आत साईच्या रंगाचा माउंटचा पुठ्ठा, एकाही कोपऱ्यात फट नाही. असं काम मी गिऱ्हाइकाचंही केलेलं नाही. सभागृह घेतलं, खुर्च्या मांडल्या, काकांना मधोमध बसवलं. एकेकाचं नाव पुकारलं की तो येऊन फ्रेम घेऊन जायचा. माझा भाऊ फोनमध्ये डोकं घालून आला आणि तसाच गेला. दातांच्या डॉक्टरला नेमका तेव्हाच खोकला आला. वकीलकाकांनी फ्रेम घेताना काकांकडे बघितलं नाही. मला वाटलं, बिचारे भारावून गेलेत.

क्लच सगळ्यांच्या आधी आला होता आणि शेवटच्या रांगेत बसला होता. शर्टाला इतकी कडक इस्त्री की बसताना तो वाकत नव्हता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो लगेच उठलाच नाही. मग आला. काकांनी फ्रेम बाजूला ठेवली आणि त्याला सरळ मिठी मारली. "ये रे," म्हणाले, "फार उशीर केलास." क्लचचे हात बराच वेळ तसेच लोंबत राहिले; हातांचं काय करायचं ते त्याला माहीत नसावं. मग ते काकांच्या पाठीवर गेले.

नंतर चहाच्या वेळी त्याने काकूंना सांगितलं, "तरुणपणी मी डिरेक्टरीत हे आडनाव शोधून तुमच्या घरी फोन लावायचो. कोणी उचलला की ठेवून द्यायचो."

"तो मेला तूच का?" काकू ओरडल्या. "अरे, किती शिव्या घातल्यात मी तुला!"

"सगळ्या ऐकल्यात," तो म्हणाला. "घरच्यासारखं वाटायचं."

दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या गाडीच्या टपावरची पाटी बदलली. आधी नुसतं 'ड्रायव्हिंग स्कूल' होतं, आता पुढे ठसठशीत अक्षरांत आडनाव. काकांनी फर्मान काढलं, आजपासून त्याला सर नाही म्हणायचं, काका म्हणायचं. मी पहिल्यांदा रस्त्यात "काका" अशी हाक मारली तेव्हा त्याने मागे वळून बघितलं, मी दुसऱ्या कोणाला तर बोलवत नाहीये ना.

महिन्याभराने सविस्तर अहवाल आला. त्यात कोणाचं कोणाशी काय नातं ते लिहिलेलं असतं: भाऊ, चुलत भाऊ, दूरचा नातलग. आमच्या अहवालात प्रत्येकापुढे एकच ओळ होती: 'जुळा भाऊ किंवा तीच व्यक्ती.' माझा भाऊ वकीलकाकांचा जुळा. वकीलकाका दातांच्या डॉक्टरचे जुळे. दातांचा डॉक्टर क्लचचा जुळा. खाली प्रयोगशाळेने सभ्य भाषेत लिहिलं होतं, बाराही नमुने एकाच माणसाचे दिसतात, कृपया खात्री करून घ्यावी.

मला दाढ आठवली.

काका खोलीत खिडकीशी बसले होते. नोकरीतली आठवण म्हणून ठेवलेला छोटा पितळी तराजू पुढ्यात, हातात फडकं. मी कागद तराजूशेजारी ठेवला. त्यांनी वाचला नाही. वाचायची गरज नव्हती.

काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "आलं का बाहेर? मी तेव्हाच म्हटलं होतं. माणशी दोन काड्या, बारा जणांच्या काड्या! बाथरूमचं दार लावून, आरशासमोर उभं राहून. गाल आतून सोलून निघाला, तोंड आलं, चार दिवस थंड दुधावर होते. आणि विचारलं तर म्हणे दाढ."

"काका, का?"

"दारोदार फिरलो गं," काका फडक्याकडे बघत म्हणाले. "हा म्हणे आत्ताच जेवलो. तो म्हणे उद्या या. वकील म्हणे आधी बारीक अक्षरं वाचतो, मग देतो. तुझा भाऊ झोपला होता, भर दिवसा. प्रत्येकाने पाकीट परत माझ्याच हातात ठेवलं. तीन-तीन चकरा मारल्या. सभागृहाची तारीख तर तू ठरवून बसली होतीस. म्हटलं, आपण सगळे एका रक्ताचे, याची मला खात्रीच आहे. मग गाल कोणाचा, याने काय फरक पडतो?"

"तेच तर तपासायचं होतं ना!"

"ते आता कळतं."

मी तापले की माझ्या जिभेला हाड राहत नाही. "नोकरीत केलं असतंत असं? एका दुकानातलं वजन तपासून बारा दुकानांना शिक्का मारला असतात?"

काकांनी तराजूकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की बोलल्याची मला त्याच क्षणी लाज वाटली.

"आणि क्लचचं?" मी आवाज खाली आणून विचारलं. "तो तर एका पायावर तयार होता. त्याच्याकडे गेलात?"

"त्याच्याकडे गेलोच नाही."

"का?"

"बाकीच्यांचं कंटाळून केलं. त्याचं विचार करून केलं." काकांनी फडक्याची घडी घातली. "समज, बाकी सगळ्यांचं 'हो' आलं असतं आणि त्याच्या एकट्याचं 'नाही'. मग त्या सभागृहात त्याला तू काय फ्रेम करून दिली असतीस?"

मी तावातावाने जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थबकले. काकांनी सगळ्यांच्या काड्या स्वतःच्याच गालात फिरवल्या, म्हणजे आपण काडी दिलेलीच नाही हे प्रत्येकाला माहीत होतं. आणि तरी एकेक जण पुढे येऊन दाखला घेऊन गेला होता.

मी तडक घरी जाऊन भावाला उठवलं. "तू दिली होतीस काडी?"

तो डोळे चोळत म्हणाला, "नाही."

"मग दाखला घेताना तोंडाला कुलूप का लावलंस?"

"मला वाटलं, माझंच एकट्याचं राहिलंय. काकांनी केलं असेल काहीतरी. सगळ्यांसमोर कुठे बोलायचं?"

मग मी एकेकाला फोन लावत गेले. प्रत्येकाचं उत्तर तेच, फक्त शब्द वेगळे. माझंच एकट्याचं राहिलं होतं. काकांची अडचण नको म्हणून बोललो नाही. दातांचा डॉक्टर म्हणाला, दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून स्वतःच्या तोंडात घालायचा कंटाळा आला होता. शहाणी, शिकलेली, चार लोकांत मान असलेली माणसं! एकाचं रक्त एकाशी जुळतंय की नाही देव जाणे, पण आळस आणि भिडस्तपणा सगळ्यांचा तंतोतंत जुळत होता.

"मग आता नव्याने करू या," मी म्हणाले. "या वेळी काडी मी माझ्या डोळ्यांसमोर फिरवून घेते."

कोणी तयार होईना. शेवटी सगळ्यांच्या वतीने वकीलकाकांनी फोन केला. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण एक आहोत हे आपल्याला ठाऊक आहे, ते काडीने कशाला ठरवायचं? प्रश्न आहे तो त्या ड्रायव्हिंगवाल्याचा. पाटी रंगवून बसलाय. आपलं राहू दे, त्याचं तेवढं काढून घे. त्याच्याही दृष्टीने ते बरं."

मी भांडायला हवं होतं. भांडणात मी कोणाला ऐकत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. पण त्या दिवशी मी "बघते" म्हणाले. मनाला समजावलं, खरं ते सांगायला हवंच, आणि सुरुवात कुठूनतरी करायला हवी. ज्याच्या मागे बोलणारं कोणी नाही त्याच्यापासून सुरुवात करणं सोपं असतं, ही गोष्ट मात्र मी मनाला सांगितली नाही.

क्लचचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची एक खोली. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. तो तक्ता त्याने खाली सरकवला होता आणि त्याच्या जागी, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल अशी, माझी फ्रेम लावली होती. काच लख्ख होती.

"बोलायचंय? मग चल, तूच चालव," किल्ली माझ्याकडे टाकत तो म्हणाला. "पुढच्या पोरीला पुलापलीकडून घ्यायचंय. गाडीत बोल."

मी चालवायला बसले. तो शेजारी, त्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा वेगळा ब्रेक. बाजाराचा चौक गेला, शाळेची भिंत गेली. मग एकदम म्हणाले, "सर, एक सांगायचं होतं."

तो काचेतून समोर बघत होता. "परत सर झालो का मी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी कसंबसं सगळं सांगितलं. काकांचा गाल, काड्या, अहवाल. सांगताना मी रस्त्यावरून नजर हटवली नाही. चांगला ड्रायव्हर हटवत नाही, आणि मला तेवढंच निमित्त पुरलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"अगं, मी काडी फिरवलीच नाही, तर माझा निकाल येणार कुठून? गाडी न चालवता लायसन मिळत नाही. निदान माझ्या शाळेत तरी." तो किंचित हसला. "तू सांगितलं होतंस ना, आधी काही खायचं-प्यायचं नाही म्हणून. मी त्या दिवशी सकाळपासून चूळ भरून बसलो होतो. चहासुद्धा घेतला नाही. शिकवण्या रद्द केल्या. संध्याकाळ झाली, कोणी आलं नाही. म्हटलं, ठीक आहे. मग तुझा निरोप आला, सभागृहात या म्हणून. मला वाटलं, खुर्च्या भरायला बोलावताय."

"मग नाव पुकारल्यावर..."

"मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंत." त्याने त्याच्या बाजूचा आरसा सरळ केला. "की याचं तपासायला नको. याला असाच घेऊ या. त्या कागदापेक्षा मला ते मोठं वाटलं. म्हणून गप्प बसलो. माझंही चुकलंच."

आम्ही ठरवलं नव्हतं. आम्ही बसून ठरवलं होतं ते भलतंच.

"किती गोळा झाल्या?" त्याने विचारलं.

"काय?"

"फ्रेमा. माझी न्यायला आलीस ना?"

"हो. म्हणजे, सगळ्यांच्याच गोळा करतेय."

गाडीने गचका खाल्ला आणि पुलाच्या तोंडाशी बंद पडली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. त्याचा पाय आधीच त्याच्या ब्रेकवर होता.

"खोटं बोलताना तुझा डावा पाय उचलला जातो," तो म्हणाला. "परीक्षेतही तेच झालं होतं. साहेबांनी विचारलं, सराव केलास का, तू हो म्हणालीस, आणि गाडी बंद." मग म्हणाला, "माझीच पहिली, ना?"

"हो," मी म्हणाले.

"आणि शेवटची."

मी गाडी चालू केली. त्या पोरीला घेतलं, ती चालवायला बसली, मी मागच्या सीटवर. परत येईस्तोवर तो तिला नेहमीसारखा ओरडत होता, क्लच, अगं क्लच. ऑफिसात आल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर काढला, स्वतःच फ्रेम उतरवली, बाहीने काच पुसली आणि माझ्या हातात दिली. वाहतुकीच्या खुणांचा तक्ता उचलून जुन्या जागी टांगला.

"पाटी मात्र काढणार नाही," तो म्हणाला. "आडनाव आधीपासूनच माझं आहे. ते मी कोणाला तपासायला दिलं नव्हतं."

दुकानात येऊन मी ती फ्रेम खाकी कागदात गुंडाळून टेबलाखाली ठेवली. मग काच कापायला घेतली. रेघ वाकडी गेली. दुसरी घेतली, तीही गेली. मी हातोडी, पकड आणि स्टूल घेतलं आणि निघाले.

पहिली फ्रेम आमच्याच घरातली. "ताई, अगं हे काय?" असं भाऊ म्हणाला, पण सोफ्यावरून उठून त्याने स्टूल धरलं. दातांच्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत पेशंट बसले होते. त्यांच्यासमोर स्टुलावर चढून मी फ्रेम उतरवली, आणि तो आतून बघत असूनही बाहेर आला नाही. बहुतेकांनी एक शब्द न बोलता दिल्या. बायका दारात उभ्या राहून नवऱ्यांकडे बघत होत्या. वकीलकाकांनी विचारलं, हे कोणत्या अधिकारात चाललंय? मी म्हणाले, "फ्रेम माझी आहे. आतला कागद हवा असेल तर ठेवा. तो कोणाच्या गालाचा आहे ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." त्यांनी दोन्ही दिलं, आणि दार लावताना आवाज होऊ नये म्हणून ते हाताने धरून लावलं.

काकांकडे मला जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच फ्रेम काखेत मारून दुकानात आले.

"काका, तुमचा दाखला तर खरा आहे. बारांतला तेवढा एकच."

"म्हणून तर घे," ते म्हणाले. "माझ्यापायी बाकी सगळे खोटे ठरले. मी माझा कोणत्या तोंडाने मिरवू?" ते बाकावर बसले. जरा वेळाने म्हणाले, "त्याच्याकडे जाऊन येऊ का?"

"काय म्हणाल?"

ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी त्यांची फ्रेम घेऊन भावाच्या फ्रेमशेजारी ठेवली. भिंतीला फ्रेमा टेकवून ठेवल्या होत्या, तोंडं भिंतीकडे करून, कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरांसारख्या.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. टपावर आमचं आडनाव. क्लच आत आला, मुठीत काहीतरी घेऊन. काकांना बघून थबकला. काका अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"तुझा हुक राहिला होता भिंतीत," तो मला म्हणाला आणि हुक टेबलावर ठेवला. मग त्याची नजर भिंतीकडे गेली. तो सावकाश पुढे झाला, बोट न लावता फ्रेमा मोजल्या.

"अकरा," तो म्हणाला.

"तुमची वेगळी ठेवलीय," मी म्हणाले. "नीट कागदात गुंडाळून."

"वेगळी का?"

त्याचा आवाज चढला नव्हता. पण इतक्या दिवसांत मला वाटलेली सगळी लाज त्या दोन शब्दांत पुन्हा माझ्या अंगावर आली. मी टेबलाखालून फ्रेम काढून दिली. त्याने खाकी कागद सोडवला, दाखल्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि वाकून ती फ्रेम भिंतीशी नेली. कडेला नाही ठेवली. काकांची आणि माझ्या भावाची जरा बाजूला केली आणि मधे उभी केली, तोंड भिंतीकडे.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला.

"माझं चुकलं रे," काका म्हणाले. "मला वाटलं होतं की..."

"सरका जरा," तो म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसला. दोघंही समोर बघत होते, एकमेकांकडे नाही. "दोनदा-नापास, चहा सांग."

"सांगते, काका," मी म्हणाले. कोणाला म्हणाले, ते दोघांपैकी कोणी विचारलं नाही.

चहा सांगून आले आणि मी काच कापायला घेतली. त्या वेळी कापायचं काही नव्हतं. पण काच कापताना मान वर करावी लागत नाही.